फोटोंचा बॅकअप पुन्हा अडकला? तो केव्हा थांबतो ते आधी पाहा

गुगल फोटोजने १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मोफत कोट्यात मोजायला सुरुवात केल्यावर घरातच एखादा सर्व्हर उभा करून सगळ्यांच्या फोनमधले फोटो तिथे साठवण्याचा विचार अनेकांनी केला. जुना डेस्कटॉप, एखादा मिनी पीसी किंवा रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक, त्याला जोडलेली हार्ड डिस्क आणि त्यावर डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्राम स्वतंत्र डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या व्यवस्थेत) चालणारे इमिच हे फोटो साठवण्याचे सॉफ्टवेअर, अशी ही मांडणी आता बरीच रुळली आहे. ती उभी करणे एका सुट्टीच्या दिवसाचे काम असते. खरा कस लागतो तो ती महिनोन्‌महिने चालू ठेवण्यात. तक्रारही बहुतेक ठिकाणी सारखीच ऐकू येते: सुरुवातीला सगळे फोटो व्यवस्थित गेले, पुढे केव्हातरी सहज पाहिले तर काही आठवड्यांपासून एकही नवा फोटो सर्व्हरवर आलेला नाही, काहीतरी खटपट केल्यावर ते पुन्हा सुरू झाले आणि थोड्या दिवसांनी पुन्हा थांबले.

ही खटपट बहुधा फोनमधले इमिचचे ॲप काढून पुन्हा बसवण्याची असते आणि तिचा गुण येतो म्हणूनच ती फसवी आहे. ॲप नव्याने बसवल्यावर माणूस ते उघडे ठेवतो, पडदा चालू ठेवून किती फोटो गेले हा आकडा पाहत बसतो, आणि ॲप समोर उघडे असताना बॅकअप जवळजवळ नेहमीच चालतो. त्यामुळे दोष गेला असे वाटते. प्रत्यक्षात ॲप काढताना त्याला दिलेली बॅटरीची सवलत, परवानग्या आणि निवडलेले अल्बम हे सगळे पुसले जाते, म्हणजे ज्या सेटिंगमध्ये बहुधा दुखणे असते तीच पुन्हा मूळ पदावर येतात. इमिच प्रत्येक फाईलचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ओळखक्रमांक, काढून ती सर्व्हरवर आहे की नाही हे ठरवत असल्यामुळे फोटो दुबार चढत नाहीत हे खरे, पण हजारो फाईलींचे चेकसम नव्याने काढण्यात फोनचा वेळ आणि बॅटरी दोन्ही खर्ची पडतात. तेव्हा ॲप काढून टाकण्याचा उपाय अगदी शेवटी ठेवावा.

त्याऐवजी आधी एकच प्रश्न विचारावा: बॅकअप एकाच फोनचा थांबला आहे की घरातल्या सगळ्यांचा? एकाचाच थांबला असेल तर सर्व्हरला हात लावण्याचे काहीही कारण नाही. सगळ्यांचा एकाच सुमारास थांबला असेल तर प्रत्येक फोनची सेटिंग चाळत बसण्यात अर्थ नाही. हा प्रश्न न विचारता लोक सर्व्हरचे डॉकर कंटेनर बंद-चालू करतात, राऊटर बंद-चालू करतात, फोनही बंद-चालू करतात, आणि त्यातले नेमके काय लागू पडले हे शेवटी कोणालाच कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा श्रीगणेशा.

यानंतरची चाचणी दोन मिनिटांची आहे. फोन घरच्या वायफायवर असताना एक नवा फोटो काढावा, ॲप उघडून पडदा चालू ठेवावा आणि तो फोटो चढतो का ते पाहावे. चढला तर सर्व्हर ठीक आहे, रस्ताही ठीक आहे आणि दोष फोनच्या पार्श्वभूमीतील कामात आहे. चढला नाही तर त्याच फोनच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) २२८३ या पोर्टसह, म्हणजे पुढे :२२८३ जोडून, टाकावा. पान उघडले तर ॲपची परवानगी, ॲपची आवृत्ती किंवा एखादी अडून बसलेली फाईल यांच्याकडे पाहायचे. पान उघडलेच नाही तर नेटवर्क किंवा सर्व्हर, आणि त्या दोहोंपैकी कोण हे घरातल्या दुसऱ्या संगणकावरून तेच पान उघडून लगेच समजते.

पडदा बंद झाला की थांबतो

एका फोनपुरती तक्रार असेल तर सर्वांत अधिक वेळा कारण हेच निघते. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन चार्जरला लावलेला नसेल, पडदा बंद असेल आणि फोन काही काळ हलला नसेल तर यंत्रणा त्याला गाढ झोपेच्या स्थितीत नेते. त्या स्थितीत ॲपना नेटवर्क मिळत नाही. मधूनमधून थोडा वेळ कामाची खिडकी उघडते आणि फोन जितका जास्त वेळ पडून राहील तितक्या या खिडक्या एकमेकींपासून दूर जातात. फोन चार्जरला असताना ही झोप लागत नाही. म्हणूनच रात्री उशाशी फोन चार्जिंगला लावून झोपणाऱ्याचा बॅकअप बिनबोभाट चालतो आणि ऑफिसात चार्ज करून येणाऱ्याचा अडतो, जरी दोघांचे फोन एकाच कंपनीचे आणि दोघांची सेटिंग एकसारखी असली तरी.

इथे एक अगदी साधी गाठ हमखास बसते. ॲपमध्ये ‘फक्त वायफायवर’ आणि ‘फक्त चार्जिंग चालू असताना’ अशा दोन्ही अटी मोठ्या सावधपणे लावलेल्या असतात. वायफाय घरी आहे, चार्जर ऑफिसच्या टेबलावर किंवा गाडीत आहे, आणि या दोन अटी एकाच वेळी पूर्ण होण्याचा मुहूर्त दिवसभरात येतच नाही. अशा फोनवर चार्जिंगची अट काढून टाकावी. वायफायची अट मात्र राहू द्यावी, कारण मोबाईलच्या दिवसाच्या दीड-दोन जीबी डेट्यात एखाद्या लग्नाचे व्हिडिओ बसणारे नाहीत.

अँड्रॉइडची ही मूळ शिस्त झाली. त्यावर प्रत्येक फोन कंपनीने आपली आणखी एक कडी चढवलेली असते आणि ती शोधणे हेच अधिक कटकटीचे काम आहे. ॲपच्या माहितीच्या पानावर जाऊन बॅटरीचा वापर ‘अनिर्बंध’ करणे ही पहिली पायरी सर्वांना लागू आहे. शाओमी, रेडमी आणि पोको फोनवर त्याखेरीज ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगी वेगळी द्यावी लागते. ओप्पो, रिअलमी आणि वनप्लसच्या फोनवर तिला ‘ऑटो लाँच’ म्हणतात. विवोवर पार्श्वभूमीत जास्त वीज वापरू देण्याची परवानगी बॅटरीच्या सेटिंगमध्ये असते. सॅमसंगवर ‘झोपलेली ॲप’ आणि ‘गाढ झोपलेली ॲप’ अशा याद्या असतात, त्यांतून इमिच काढून ‘कधीही न झोपणारी ॲप’ या यादीत घालावे लागते. फोनची मोठी अद्ययावत आवृत्ती बसल्यानंतर यातली काही सेटिंग पूर्ववत होऊ शकतात, म्हणून ‘परवापर्यंत चालत होते’ असे कोणी म्हटले की त्या फोनवर नुकतेच अपडेट आले होते का हे विचारून घ्यावे.

आजी-आजोबांच्या फोनवर याच दुखण्याचे आणखी एक रूप दिसते आणि ते ओळखायला अवघड असते. त्यांच्या फोनवर बॅकअपचे ॲप मुलाने किंवा नातवाने बसवून दिलेले असते आणि त्यानंतर ते कोणी उघडतच नाही, कारण उघडण्याची गरज नाही असेच त्यांना सांगितलेले असते. अँड्रॉइड ११ पासून यंत्रणा काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या आपोआप काढून घेते, आणि अँड्रॉइड १२ पासून अशा ॲपला पूर्ण निजवून ठेवते, म्हणजे त्याला पार्श्वभूमीत कोणतेच काम करता येत नाही. मुलगा दिवाळीत घरी येतो, ॲप उघडून पाहतो, परवानगी मागितली जाते, तो देतो, सगळे चालू होते आणि उन्हाळ्यापर्यंत पुन्हा बंद पडते. ॲपच्या माहितीच्या पानावर सर्वांत खाली, ॲप वापरात नसल्यास त्याचे काम थांबवावे या अर्थाचा एक खटका असतो. तो बंद केला की हे चक्र तुटते.

पहिल्यांदाच पन्नास-साठ जीबी फोटो चढवायचे असतील तर मात्र पार्श्वभूमीवर विसंबूच नये. अँड्रॉइड १५ साठी बांधलेल्या ॲपना डेटा पोचवण्याची सूचनापट्टीवर दिसणारी सेवा चोवीस तासांत एकूण ६ तासच चालवता येते. त्यापलीकडे यंत्रणा ती थांबवते. पहिला मोठा हप्ता फोन चार्जरला लावून, ॲप समोर उघडे ठेवून, पडदा बंद होणार नाही असे पाहून एक-दोन रात्रींत उरकावा.

आयफोनची रीत वेगळी आहे. तिथे पार्श्वभूमीत कोणत्या ॲपला केव्हा आणि किती वेळ द्यायचा हे आयओएस ठरवते. ॲपला फक्त विनंती करता येते. ‘बॅकग्राउंड ॲप रिफ्रेश’ चालू असणे आवश्यक आहे आणि बॅटरी वाचवणारा ‘लो पॉवर मोड’ चालू असेल तर ते बंद राहते. याहून महत्त्वाचे म्हणजे ॲपच्या यादीतून वर सरकवून बंद केलेले ॲप पुन्हा हाताने उघडेपर्यंत पार्श्वभूमीत जागे केले जात नाही. दर तासाला सगळी ॲप वर सरकवून टाकण्याची सवय पुष्कळांना असते आणि त्याने बॅटरी वाचते अशी त्यांची श्रद्धाही असते. त्यांच्या बॅकअपला मात्र ही सवय सोडल्यावाचून दुसरा इलाज नाही. आयक्लाउडमध्ये ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू असेल तर मूळ फोटो फोनवर नसतोच, तो आधी ॲपलच्या सर्व्हरवरून फोनवर उतरतो आणि मग घरच्या सर्व्हरवर चढतो. त्यामुळे अशा फोनवरून जुने फोटो अतिशय सावकाश जातात आणि इंटरनेट बंद असताना जातच नाहीत, सर्व्हर बाजूच्याच खोलीत असला तरी.

काही फोटो जातात, काही जात नाहीत

अँड्रॉइड १४ पासून परवानगी विचारताना ‘सर्व फोटो’ आणि ‘निवडक फोटो’ असे पर्याय येतात आणि घाईत दुसऱ्यावर बोट पडते. आयफोनवर असा पर्याय आयओएस १४ पासून आहे. मग ज्या दिवशी परवानगी दिली त्या दिवशी निवडलेले फोटो जातात आणि त्यानंतरचा एकही जात नाही. ॲप मात्र ‘सर्व पूर्ण’ असेच दाखवते, कारण त्याच्या दृष्टीने फोनवर तेवढेच फोटो आहेत. ॲपमधला एकूण आकडा आणि फोनच्या गॅलरीतला एकूण आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यास हा दोष लगेच उघडा पडतो.

अल्बमांची निवड हे दुसरे कारण. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याचा अल्बम निवडलेला असतो, पण स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲप किंवा फोटो सुधारणाऱ्या एखाद्या ॲपने तयार केलेला नवा अल्बम निवडीत नसतो. व्हॉट्सॲपचा अल्बम घ्यावा की नाही याबद्दल घरोघरी मतभेद आहेत. घेतला तर सुप्रभातच्या फुलांनी आणि एकादशीच्या शुभेच्छांनी सर्व्हर भरतो. न घेतला तर मामेबहिणीच्या साखरपुड्याचे जे फोटो केवळ व्हॉट्सॲपवरच आले ते राहून जातात. माझा कल न घेण्याकडे आणि हवे ते फोटो वेगळ्या अल्बममध्ये हलवण्याकडे आहे, पण त्यासाठी लागणारी चिकाटी प्रत्येकाकडे असेलच असे नाही.

स्थळाची परवानगी अनेक जण नाकारतात आणि ते स्वाभाविक आहे, पण इथे तिचे परिणाम जाणून मग नाकारावी. अँड्रॉइड १० पासून, फोटोतील स्थळ वाचण्याची वेगळी परवानगी नसलेल्या ॲपला यंत्रणा फोटो देताना त्यातले अक्षांश-रेखांश पुसूनच देते. सर्व्हरवरच्या नकाशात फोटो दिसत नाहीत ते यामुळे. परवानगी मागाहून दिली तर तोच फोटो आता स्थळासह, म्हणजे वेगळ्या चेकसमसह, समोर येतो आणि दुबार चढू शकतो. घरात ‘एकच फोटो दोनदा दिसतो’ अशी तक्रार असेल तर आधी दोन्ही प्रतींचा तपशील उघडून एकीत स्थळ आहे आणि दुसरीत नाही असे तर नाही ना, हे पाहावे.

पत्ता हरवतो

ॲपमध्ये सर्व्हरचा जो आयपी पत्ता एकदा लिहिला तोच राऊटर कायम देईल असे गृहीत धरणे चुकीचे आहे. राऊटर पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो, आणि वीज जाऊन आली की घरातली उपकरणे ज्या क्रमाने जागी होतात त्यानुसार पत्ते अदलाबदल होऊ शकतात. काल सर्व्हरचा असलेला पत्ता आज टीव्हीला मिळालेला असतो आणि सगळे फोन निमूटपणे टीव्हीचे दार ठोठावत राहतात. राऊटरच्या पानावर जाऊन सर्व्हरच्या मॅक पत्त्यासाठी (त्याच्या नेटवर्क जोडणीच्या ओळखक्रमांकासाठी) एक आयपी राखून ठेवला की हा प्रश्न कायमचा मिटतो. सर्व्हरला केबल आणि वायफाय दोन्ही जोडलेली असतील तर त्यांचे मॅक पत्ते वेगवेगळे असतात, हे राखताना ध्यानात ठेवावे. शक्यतो सर्व्हर केबलनेच जोडावा आणि त्याचे वायफाय बंद करावे.

फोन पाहुण्यांसाठीच्या वायफायवर असेल तर तिथून घरातली इतर उपकरणे मुद्दामच दिसू दिली जात नाहीत, तेव्हा तिथून बॅकअप होणार नाही. आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी आयओएस १४ पासून स्वतंत्रपणे द्यावी लागते, ती नाकारलेली असेल तर सफारीत सर्व्हरचे पान उघडते आणि ॲपला मात्र सर्व्हर सापडत नाही, असा चमत्कार दिसतो. अँड्रॉइडवर ‘प्रायव्हेट डीएनएस’ लावलेला असेल आणि सर्व्हरला घरातल्या डीएनएसमधून, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेतून, एखादे नाव दिलेले असेल तर फोन राऊटरला विचारतच नाही, म्हणून ते नाव त्याला सापडत नाही.

इंटरनेटची केबल कुठेतरी तुटली की घरातला बॅकअपसुद्धा बंद पडतो याचे अनेकांना नवल वाटते, कारण फोन आणि सर्व्हर यांच्यामध्ये इंटरनेटचा संबंध नसतो. पण फोनला वायफायवर इंटरनेट नाही असे दिसले की तो आपली रहदारी मोबाईल डेट्याकडे वळवतो, आणि मोबाईल कंपनीच्या जाळ्यातून घरचा आतला पत्ता सापडणे शक्य नसते. चाचणीपुरता मोबाईल डेटा बंद करून पाहिल्यास याची खात्री पटते. यावर वेगळा उपाय करण्याची गरज नाही. इंटरनेट आले की गाडी आपोआप रुळावर येते.

घराबाहेरून बॅकअप हवा असेल तर आधी तो खरोखर हवा आहे का याचा विचार करावा. चार दिवस कोकणात गेल्यास फोटो चार दिवस फोनमध्ये राहतील आणि घरी आल्यावर चढतील, एवढे पुरेसे असेल तर अर्धी गुंतागुंत टळते. हवाच असेल तर राऊटरच्या पानावर बाहेरचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर सेवादात्याने एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटलेला आहे आणि राऊटरवर पोर्ट उघडून काहीही साधणार नाही. टेलस्केल, म्हणजे फोन आणि सर्व्हर यांना खासगी जोडणीने (व्हीपीएनने) जोडणारे ॲप, हा अशा वेळचा सोपा मार्ग आहे. तेही योगायोगाने याच पट्ट्यातले पत्ते वापरते, म्हणून हा पत्ता फोनवर न पाहता राऊटरवरच पाहायचा. टेलस्केललाही बॅटरीची तीच सवलत द्यावी लागते, आणि अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालत असल्यामुळे ऑफिसचे व्हीपीएन लावले की घराचा रस्ता बंद होतो. इमिचमध्ये घरी एक पत्ता आणि बाहेर दुसरा पत्ता आपोआप वापरण्याची सोय आहे, पण त्यासाठी ॲपला वायफायचे नाव वाचावे लागते आणि ते वाचण्यासाठी स्थळाची परवानगी ‘नेहमी’ अशी द्यावी लागते. ती ‘ॲप वापरताना’ एवढीच दिली असेल तर ॲप उघडल्यावर सगळे चालते आणि खिशात गेल्यावर थांबते.

एका मोठ्या व्हिडिओपाशी अडतो

फोटो जात राहतात आणि ठरावीक फाईली प्रत्येक वेळी लाल दिसतात, तेव्हा मधल्या दारवानाकडे, म्हणजे फोनच्या विनंत्या घेऊन सर्व्हरकडे पाठवणाऱ्या प्रोग्रामकडे किंवा सेवेकडे, पाहावे. सर्व्हरच्या पुढे एन्जिनएक्स हा असा प्रोग्राम ठेवलेला असेल तर त्याची मूळ मर्यादा एका विनंतीला फक्त १ एमबी असते. ती वाढवल्याखेरीज काहीच चालत नाही म्हणून प्रत्येक जण ती वाढवतो, पण मनाला येईल तेवढीच. बाहेरून येण्याचा रस्ता क्लाउडफ्लेअर या सेवेतून काढलेला असेल तर तिच्या मोफत योजनेतून येणाऱ्या विनंतीला १०० एमबीची मर्यादा आहे. आयफोनवर ४के, ३० फ्रेमचे चित्रीकरण एचईव्हीसी पद्धतीत मिनिटाला सुमारे १७० एमबी जागा घेते, म्हणजे साधारण ३५ सेकंदांपुढचा प्रत्येक व्हिडिओ या दारावर परत पाठवला जाणार. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदींत, ४१३ (विनंती फार मोठी) हा आकडा दिसला की निदान पक्के. एन्जिनएक्सवर आकाराची मर्यादा भरपूर वाढवावी आणि उत्तराची वाट पाहण्याची मूळची ६० सेकंदांची मुदत ६०० पर्यंत न्यावी. क्लाउडफ्लेअरची मर्यादा आपल्या हातात नाही, तेव्हा घरात असताना फोनने त्या रस्त्याने न जाता थेट आयपी आणि पोर्टच्या पत्त्यावर जावे.

सगळ्यांचा एकदम थांबतो

सर्व फोन एकाच आठवड्यात अडले आणि वीज-इंटरनेट व्यवस्थित असेल तर आवृत्तीची विसंगती तपासावी. फोनवरचे ॲप प्ले स्टोअरमधून आपोआप अद्ययावत होते, सर्व्हर मात्र आपण हात लावेपर्यंत जुनाच राहतो, आणि दोघांतले अंतर वाढले की ॲप सर्व्हरशी बोलू शकत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून इमिच स्थिर म्हणून जाहीर झाले आहे. त्याआधीच्या एखाद्या आवृत्तीवर सर्व्हर सोडून दिलेला असेल तर बदलांच्या टिपा वाचून आणि डेटाबेसची (फोटोंविषयीच्या नोंदींच्या साठ्याची) प्रत काढून तो पुढे आणावा. सर्व्हर नियमित पुढे नेणे जमणार नसेल तर घरातल्या फोनवर या एका ॲपचे आपोआप अपडेट बंद ठेवावे.

कंटेनर बंद पडून १३७ या आकड्यासह बाहेर पडलेला दिसला तर बहुधा मेमरी अपुरी पडून यंत्रणेने तो मारलेला असतो. कमकुवत यंत्रावर चेहरे ओळखण्याचा आणि शोधाचा भाग बंद केला की बॅकअप सुरळीत चालतो. डिस्क भरली का हेही पाहावे. लघुचित्रे आणि रूपांतरित व्हिडिओ यांना मूळ संग्रहाच्या वर सरासरी १० ते २० टक्के जागा लागते आणि ती हिशेबात धरायची राहून जाते.

आता सर्वांत घातक प्रकार, जो वीज गेल्यानंतर घडतो. जिथे महावितरण देखभालीसाठी ठरलेल्या वारी वीज बंद ठेवते तिथे तो त्याच वारी पुन्हा पुन्हा घडतो. वीज परत आल्यावर सर्व्हर जागा होतो आणि डॉकरही लगेच सुरू होतो, पण बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क फिरून जोडली जायला काही क्षण जास्त लागतात किंवा ती जोडलीच जात नाही. ज्या फोल्डरवर ती जोडली जायची तो फोल्डर मात्र लहानशा मूळ डिस्कवर, समजा मेमरी कार्डावर, रिकामा अस्तित्वात असतोच. डॉकरला यात काही वावगे दिसत नाही. नवे फोटो त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे ३२ जीबीच्या मेमरी कार्डावर उतरू लागतात आणि ते भरले की सगळे ठप्प होते. मग कोणीतरी सर्व्हर पुन्हा चालू करतो, या वेळी डिस्क नीट जोडली जाते, आणि मधल्या काळातले फोटो तिच्याखाली झाकले जातात. डेटाबेसमध्ये त्यांची नोंद आहे, फोन ‘पोचले’ म्हणतो आणि पडद्यावर राखाडी चौकोन दिसतात. हे फोटो गेलेले नसतात: सर्व्हर थांबवून, डिस्क विलग करून, रिकाम्या वाटणाऱ्या त्या फोल्डरमध्ये पाहिले की ते सापडतात आणि डिस्क पुन्हा जोडून त्यांच्या जागी हलवता येतात.

इमिच आता आपल्या प्रत्येक फोल्डरमध्ये एक छोटी खूणफाईल ठेवते आणि ती सापडली नाही तर सुरूच होत नाही. वीज आल्यानंतर सर्व्हर वारंवार सुरू होऊन पडत असेल आणि लॉगमध्ये या फाईलचा उल्लेख असेल तर तो दोष समजू नये. ती फाईल हाताने तयार करून किंवा ही तपासणी बंद करून सर्व्हर चालू करण्याचा मोह आवरावा, कारण नेमका वरचा अपघातच ती टाळत असते. डिस्क जोडावी, सर्व्हर आपोआप उठेल.

कायमचा बंदोबस्त लिनक्सच्या बाजूने करावा लागतो. एफस्टॅबमध्ये (fstab, कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी) डिस्कची नोंद एसडीए, एसडीबी अशा नावाने न करता तिच्या यूयूआयडीने (न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने) करावी, कारण ही नावे प्रत्येक वेळी तीच राहतील याची हमी नसते. सिस्टमडीमध्ये (systemd, लिनक्सवरच्या सेवा सुरू करणारी यंत्रणा) डॉकरच्या सेवेला ही डिस्क जोडली गेल्याशिवाय सुरू होऊ नये अशी अट घालावी. आणि डिस्क विलग असताना त्या रिकाम्या फोल्डरवर ‘चॅटर’ (chattr) आज्ञेने अपरिवर्तनीयतेची खूण लावावी, म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही त्यात काही लिहिता येणार नाही आणि मेमरी कार्डावर फोटो सांडण्याची वाटच बंद होईल. डिस्क जोडल्यावर या खुणेचा तिच्यावर काही परिणाम होत नाही.

रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांनी वीजपुरवठाही तपासावा. पाय ५ ला ३ अँपिअरचा चार्जर लावला तर सर्व यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच मिळतात. ५ अँपिअरचा लावल्यावर १.६ अँपिअर मिळतात. यूएसबीवरच चालणारी अडीच इंची डिस्क पहिल्या स्थितीत मोठ्या लेखनाच्या वेळी तुटून पुन्हा जोडली जाते आणि बॅकअप नेमका जास्त फोटो असलेल्या दिवशी अडतो. स्वतंत्र वीजपुरवठ्याची डिस्क घेणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे. घरी इनव्हर्टर असेल तर सर्व्हर आणि राऊटर दोन्ही त्याच्या लाईनवर घ्यावेत. इनव्हर्टरवर पालटताना होणारा क्षणाचा खंडही संगणकाला बंद पाडू शकतो, म्हणून मध्ये छोटा यूपीएस असलेला बरा. डेस्कटॉप किंवा मिनी पीसी असेल तर बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय निवडावा. डेटाबेसचा फोल्डर मात्र नेटवर्कवरच्या डिस्कवर किंवा एनटीएफएस, एक्सफॅट अशा मांडणीच्या (फाईल सिस्टिमच्या) डिस्कवर कधीही ठेवू नये. तो सर्व्हरच्या स्वतःच्या एसएसडीवर असावा.

फोनवरचे फोटो पुसण्याआधी

बॅकअप चालू असताना गुगल फोटोजही चालू असेल तर तिथल्या ‘जागा मोकळी करा’ या बटणापासून सावध राहावे. ते ॲप स्वतःकडे प्रत आहे एवढेच पाहून फोनवरचा फोटो काढून टाकते. घरच्या सर्व्हरवर तो पोचला की नाही याची त्याला कल्पना नसते. शिवाय तिथला दर्जा ‘स्टोरेज सेव्हर’ असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान केले जातात आणि मूळ फोटो मग कुठेच उरत नाही. इमिचचा बॅकअप मध्यंतरी थांबलेला असेल तर नेमके त्याच काळातले फोटो अशा रीतीने जातात.

फोनमधून काही पुसायचे असेल तर आधी त्या महिन्यातला सर्वांत लांब व्हिडिओ सर्व्हरवरून दुसऱ्या संगणकावर उतरवून शेवटपर्यंत चालतो का ते पाहावे. लघुचित्र दिसणे म्हणजे मूळ फाईल शाबूत असणे नव्हे. इमिच डेटाबेसची प्रत रोज पहाटे दोन वाजता काढते आणि शेवटच्या १४ प्रती ठेवते, पण त्या त्याच डिस्कवर असतात. म्हणून मूळ फोटोंचे फोल्डर आणि या प्रती असे दोन्ही मिळून दुसऱ्या एका डिस्कवर न्यावे आणि ती डिस्क शक्यतो दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा गावी, ठेवावी. केवळ फोटोंचे फोल्डर नेले तर फोटो वाचतात पण अल्बम, चेहऱ्यांची नावे आणि कोणता फोटो कोणाचा ही माहिती उरत नाही.